कडुबांचा पिंपळ

"माझ्या माणसाला कुणीतरी इख घालतंय," सरूबाई म्हणाल्या.

खासगी गुप्तहेर राजनंदिनीने पेन खाली ठेवलं. "नीट सांगा, मावशी."

सरूबाईंचे पती कडुबा गेल्या वर्षी वारले. त्यांची राख नदीत न सोडता त्यांनी हर्सूलच्या घरी अंगणातल्या पिंपात, मातीत मिसळली आणि त्यातच पिंपळाचं रोप लावलं. आता ते खंगत होतं. संशय शेजारच्या साहेबरावांवर.

"आपण झाडांच्या पण केसेस घेतो?" सहकारी सुदर्शन कुजबुजला.

"गाडी काढ."

पिंपळ गुडघ्याएवढाच राहिला होता. खालची जुनी पानं हिरवी; वरची नवी पिवळी, फक्त शिरा हिरव्या. राजनंदिनीने माती उकरली. मुळांची टोकं खुंटलेली, तपकिरी. शेजारच्या कुंडीतला कढीपत्ता मात्र त्याच नळाच्या पाण्यावर तरारला होता.

साहेबराव कुंपणापाशी आले. "पिंपळानं भिंत फुटते, बोललो व्हतो. पण कडुबाच्या राखेवर तणनाशक टाकीन का मी?"

सून निशा म्हणाली, "मला तिथं स्कूटी लावायची होती. पण आत्याबाई रोज तिथं बसून मामांशी बोलतात. हात कसा लावणार?"

सरूबाईंनी पाणी आणलं. तांब्याचा पेला लखलखत होता. "ह्येंचा हाय. ह्येंची समदी तांब्याची भांडी रोज चिंचेनं घासते. मोरीत नाय, ह्येंच्याजवळ बसून."

"साहेबरावच," सुदर्शन पुटपुटला.

"तणनाशकाने जुनी पानंही करपली असती. इथं रोज थोडं थोडं काहीतरी मुरतंय, आणि फक्त या पिंपात." राजनंदिनी सरूबाईंशेजारी खाली बसली. "मावशी, भांडी धुतलेलं पाणी कुठं ओतता?"

"झाडाला. वाया कशाला घालवू?"

"चिंचेच्या आंबटानं तांबं पाण्यात उतरतं. ते पिंपात साठत गेलं. कोवळ्या मुळांना ते झेपत नाही. मग झाडाला लोह घेता येत नाही, नव्या पानांत हिरवा रंग धरत नाही. आणि तो नसला की ऊन असूनही झाड उपाशी. कुणी विष घातलेलं नाही."

"मीच घातलं म्हणा की."

"तुम्ही सोबत करत होता."

सुदर्शन चाचरत म्हणाला, "माती बदलली तर जगेल."

"त्या मातीत ह्ये हायत, बाबा."

सरूबाई पिवळ्या पानावरून बोट फिरवत राहिल्या.

"माती पोत्यात भरू," त्या शेवटी म्हणाल्या. "ती माझ्यापाशी राहील. झाड भिंतीपासून लांब जमिनीत लावू." मग कुंपणाकडे वळल्या. "भावजी, तुमच्यावर आळ घेतला. या इकडं. रोप तुम्ही धरा. मुळांची माती मी सोडवते."