दहाला दहा शब्द

सत्तावीस वर्षं झाली, पण इर्बिदच्या इस्पितळातली ती सकाळ रुदैनाला अजून जशीच्या तशी आठवते. बाहेर एप्रिलच्या पावसाची भुरभुर, खाटेवर उम्म फरहान नावाची म्हातारी आणि समोर ती... वैद्यकीच्या चौथ्या वर्षाची. पाठांतर चोख, पण सगळं इंग्रजीत!

"खाला, तुम्हाला... छातीत... ते..." शब्दच सापडेना.

"अगं पोरी, घरी आईशी तरी अरबीत बोलतेस ना?"

शेजारच्या खाटेजवळून एक नवा डॉक्टर हसत पुढे आला. "खाला, जिना चढताना काळीज धडधडतं का?"

"धडधडतं रे राजा! कुठला तू?"

"सीमेपलीकडचा, दमास्कसचा. हैसम."

रुदैनाचे कान लाल झाले. बाहेर येताच तिने त्याला गाठलं. "मदत मागितली होती मी?"

"तुम्ही नाही, खालांनी. डोळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या बैठकीत त्याच हैसमची बोबडी वळली. सगळं वैद्यक तो अरबीत शिकलेला. इथे मात्र इंग्रजीत बोलायचं. मागे खसखस पिकली. रुदैनाला हसू आलं नाही.

"जूनमध्ये परवान्याची परीक्षा आहे, इंग्रजीत," कँटीनमध्ये तो म्हणाला. "नापास झालो की घरी."

"रोज दहा इंग्रजी शब्द देते. बदल्यात दहा अरबी घेईन."

"महागात पडेल."

"कोणाला?"

त्याने नुसतं पाहिलं...

मग रोजचंच झालं. मिठात बुडवलेले हिरवे बदाम, एका वहीवर झुकलेली दोन डोकी आणि उगाचच लांबणारा दहावा शब्द. रुदैना खाटेजवळ बसून रुग्णांशी मोकळं बोलू लागली.

जूनमध्ये हैसम चार गुणांनी नापास झाला.

टॅक्सीतळावर दमास्कसची गाडी भरत आली होती.

"रुदैना, एक सांगायचंय..."

"इंग्रजीत सांग. सराव होईल." डोळे भरले होते, तरी चिडवल्याशिवाय राहवेना.

"नाही. हे सांगताना एकही चूक नको मला."

आणि अरबीत, अगदी घरच्या बोलीत, त्याने सांगितलं. चालकाने हॉर्न वाजवला. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "ये परत."

ऑक्टोबरात तो आला, फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी, आईला घेऊन, थेट तिच्या घरी मागणी घालायला.

रुदैनाच्या वडिलांनी घसा खाकरला. "निकाल लागू द्या, मग बघू."

"तो लागेल तेव्हा लागेल हो," हैसमची आई ऐसपैस टेकत म्हणाली. "मी तुमच्या लेकीच्या हातची कॉफी प्यायला आलेय."

आत चुलीवर कॉफी उतू चालली होती, आणि रुदैना दाराआड ओठ दाबून हसत उभी होती.