एका जागची रेघ

प्रिंटरपाशी तो तिचा कागद चुरगाळत होता, म्हणून दोघांचं पहिलं बोलणं झालं. नाहीतर कुठलं!

“अहो, अहो! माझा आहे तो!”

“खराब छापलाय. मधोमध रेघ आलीये बघा...”

“त्या रेघेसाठीच छापलाय!”

त्याने वर पाहिलं. डोळे मात्र लबाड होते मेल्याचे! हाच तो चाळणीवाला. त्यांच्या वेधशाळेत अख्ख्या आकाशाची पाहणी चालायची, हजारो दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांची, चित्रं यायची, आणि त्यांतल्या उपग्रहांच्या रेघा आपोआप पुसणारा प्रोग्रॅम याने लिहिलेला. त्या चाळणीचा त्याला कोण अभिमान!

“उपग्रहच असणार,” तो म्हणाला.

तिने चाळणीत जाण्याआधीची, तीन वर्षांची तीन चित्रं एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावली. “तुमचा उपग्रह तीन वर्षं एकाच जागी मुक्कामाला आहे का हो?”

तो जवळ आला. जरा जास्तच जवळ... तिचं काळीज धडधडलं, आणि ते काही रेघेमुळे नव्हतं.

“तारे आहेत हे,” ती म्हणाली. “मोठीने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचे. आज पाचला पाहणीची यादी बंद झाली, की पुसलेलं ते पुसलेलंच. माझी दोन वर्षं पाण्यात...”

त्याचा चेहरा पडला. पण तो तडक पाहणीच्या प्रमुख बाईंच्या खोलीत शिरला. ती मागोमाग.

“बाई, चूक माझी आहे. यांचं बरोबर आहे. नवा नियम घालतो – जी रेघ जागा सोडत नाही, ती पुसायची नाही.”

“पाचपर्यंत,” बाई म्हणाल्या. “नंतर मी कोणाचं ऐकणार नाही.”

पाचला दहा कमी असताना आकडा आला. एक नाही, चारशे बारा रेघा! मोठ्या दीर्घिका लहानांना गिळून वाढतात, याचे इतके पुरावे एका फटक्यात त्यांच्या हाती कधीच आले नव्हते. बाई चक्क टाळ्या वाजवत आल्या. ती हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

तो मात्र तो चुरगाळलेला कागद तळहाताने सरळ करत बसला होता.

“राहू द्या, दुसरा छापते.”

“नको, हा मी ठेवणार.” त्याचे कान लाल झाले. “खरं सांगू? मला आज काही छापायचंच नव्हतं. वर्षभर तुमच्या वेळेला रोज त्या प्रिंटरपाशी येऊन उभा राहतो मी. बोलायचं धाडस होत नव्हतं, म्हणून मग... कागद चुरगाळला.”

“वर्षभर? रोज? एकाच जागी?”

“हो...”

तिने त्याच्या हातातला कागद आपल्या हाताने सपाट केला. हात मात्र मागे घेतला नाही.

“मग पुसता यायचं नाही बाबा,” ती म्हणाली. “नियम तुझाच आहे.”