अकरा नंबरचा पास

ही हकीकत जिच्यावर गुजरली ती बाई आज हयात आहे. खोटं रचायला लागते तेवढी उसंत तिला जन्मात मिळाली नाही, म्हणून तिचा शब्द खरा मानायचा.

आणि घडलं तेही रात्री-अपरात्री नाही. मंगळवार होता. भर दुपार. दवाखान्याचा दुसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड, खाट नंबर अकरा.

खाटेवर अप्पा.

झटका येऊन तेवीस दिवस झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. पाणी द्यायचं ते पावडर घालून घट्ट केलेलं, पाठ उभी करून, चमच्या-चमच्यानं. आडव्या अंगानं घोट गेला की तो सरळ श्वासनळीत. नुसत्या थुंकीनंही ठसका लागायचा. लागला की लगेच उठवून बसवायचं, नाहीतर खेळ खलास.

"एकटं सोडू नका," सिस्टर सांगायच्या. तीस खाटा आणि त्या एकट्या. त्या बिचाऱ्या कुठे कुठे पुरणार...

म्हणून भावंडांनी पाळ्या लावल्या. थोरली लेक, म्हणजे ताई, संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत. धाकटा भाऊ रात्रभर बेकरीत भट्टीपुढे राबायचा, सकाळी झोपायचा आणि दोनला यायचा. मधल्या चार तासांत ताईनं घरी जायचं, अप्पांच्या चादरी धुवायच्या, पोरांना वाढायचं आणि जमलंच तर पाठ टेकायची.

एका खाटेला पास एकच. जाणाऱ्यानं तो फाटकाच्या खिडकीत वॉचमनकडे द्यायचा, येणाऱ्यानं उचलायचा. मधली पाच-दहा मिनिटं देवाच्या भरवशावर. त्यामुळे बहीण-भावाची गाठच पडत नसे. बोलणं व्हायचं ते उशीखालच्या वहीतून. ताई तारीखवार लिहायची, किती चमचे, कोणती कूस, ताप किती. धाकटा रोज एकच ओळ लिहायचा, 'सगळं ठीक.'

त्या मंगळवारी ताई सहाला परत आली. पास खिडकीतच होता.

जरासा ओला.

तिनं तो पदराला पुसला आणि जिना चढली. पाय ओढत, कठड्याला धरून.

अप्पा शांत झोपले होते. डाव्या कुशीवर, पाठीशी उशी. चादर ताणून बसवलेली. हनुवटीसुद्धा पुसलेली.

तिनं वही उघडली.

'अडीच. ह्यांना पाच चमचे पाणी. बसवून.'

'चार. कूस बदलली.'

'सव्वापाच. ठसका आला. उठवून पाठ चोळली. आता बरं आहे.'

अक्षर मोठं, सुटं सुटं. लिहिणं उशिरा शिकलेल्या माणसाचं असतं तसं.

ताईला हसू आलं. लाटसाहेब सुधारले म्हणायचे. पेंगत पेंगत लिहिलं असणार...

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याचा.

"ताई," त्याचा आवाज फाटलेला. "तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? अप्पांजवळ."

"अप्पा... आहेत ना?"

"असं काय विचारतोस?"

"मला आत्ता जाग आली गं. दोन मिनिटं आडवा झालो होतो. मी आज आलोच नाही."

ताई खाटेच्या कडेला बसली. वही मांडीवर उघडीच होती.

'ह्यांना.'

बापाला ह्यांना कोण म्हणतं?

आई म्हणावी, तर तिला अक्षरओळख नव्हती. तिला जाऊनही सोळा वर्षं झाली होती.

शेजारच्या खाटेवर पायाला वजन बांधलेले एक काका होते. महिनाभर छताकडे बघून बघून त्यांची जीभ तेवढी धारदार राहिली होती.

"काका, दुपारी इथे कोण होतं?"

"घ्या. घरची माणसं कोण ते मला विचारता? आल्या होत्या ना बाई. माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. चमच्यागणिक देवाचं नाव घेत होत्या. इतकं गोड, की ऐकता ऐकता माझाच डोळा लागला. आमच्याकडे पाठवा की एखाद्या दिवशी."

ताई तशीच खाली गेली. जाताना सिस्टरांना अप्पांकडे बघायला सांगायला मात्र विसरली नाही.

वॉचमन खिडकीत मान खाली घालून बसला होता.

"भाऊ, दोनला पास कुणाला दिलात?"



"तुमच्या आधी अकरा नंबरला एक आजोबा होते," तो म्हणाला. "तुमच्या अप्पांसारखंच दुखणं. आजी रोज दोनला यायच्या. एक दिवस मुलगा घाईत पास खिशात घालूनच कामावर गेला. आजी आल्या, पास नाही. म्हणाल्या, सोडा हो, ह्यांना पाणी द्यायचंय. मी म्हटलं, आजी, नियम आहे. त्या समोरच्या पायरीवर बसून राहिल्या. सव्वापाचला वरून निरोप आला... ठसका लागला म्हणून."

"आणि आजी?"

"पंधरा दिवसांत त्याही गेल्या. मुलगाच सांगून गेला."

त्यानं खिडकीच्या गजांकडे बोट दाखवलं.

"आज हात आला खिडकीतून. बोटाला चिंधी बांधलेली. त्यांच्या बोटाला असायची तशी. मी वर बघितलं नाही, ताई. बघवलंच नाही. पण या वेळी नाही म्हणवेना. पास दिला."

ताईनं त्याला शब्दानं दुखावलं नाही. वर येऊन बसली. रात्रभर वही उघडली नाही.

दहा दिवसांनी अप्पांना घरी सोडलं. पास खिडकीत परत करताना तिनं समोरच्या पायरीकडे पाहून हात जोडले. म्हणाली, माउली, उपकार झाले. आता तुम्हीही विसावा घ्या.

तिला वाटलं, संपलं.

घरी चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी धाकट्याला बेकरीत दिवसपाळी लागली. आता दोन ते सहा बसणारं कुणी नाही. ताईच.

त्या दुपारी खाटेजवळच्या स्टुलावर तिला डुलकी लागली. जाग आली ती आवाजानं...

घोट गिळल्याचा आवाज.

अप्पांची पाठ उशीवर उभी होती. नजर दाराकडे. त्यांनी लहान मुलासारखा आ केला, थांबले, ओठ मिटले.

पुन्हा घोट.

खोलीत कुणी नव्हतं. पाण्याची वाटी निम्मी झाली होती.

ताई ओरडली नाही. ती सांगते, घाबरायलाही अंगात त्राण लागतं, ते उरलं कुठे होतं?

हल्ली ती दोनला दार नुसतं लोटून घेते, कडी लावत नाही. भिंतीकडे तोंड करून अंग टाकते. सहापर्यंत मेल्यासारखी झोपते. इतकी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. पण जाग आली की पहिला हात स्वतःच्या छातीवर जातो. आपण हे कुणाच्या जिवावर झोपतो, आणि ती माउली कधी निघणार, किंवा जाताना कुणाला नेणार... हा विचार काही केल्या जात नाही.

वही अजून उशीखालीच असते. ताई सकाळचं लिहिते, रात्रीचं लिहिते. दुपारचं पान बघत नाही.

पण वही लवकर संपते.