भिंतीवरचे नवे राष्ट्रपती

"संताजी, डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!"

"यार नच्या, आधी ठरव, शिडीवर तू आहेस का मी!"

संताजी शिडीच्या टोकावर एका हाताने लोंबकळत होता आणि दुसऱ्या हातात आकाशकंदील होता. नचिकेत खाली उभा राहून हुकूम सोडत होता. शिडी धरून ठेवायचं कंटाळवाणं काम अर्थातच वल्लरीकडे आलं होतं. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि कामगार हॉल सजवायचा ह्या तिघांनी विडाच उचलला होता. मोठ्या माणसांना ह्या वर्षी कशाचाच उत्साह नव्हता.

असणार तरी कसा? मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं. भोंगा मुका झाला होता. चिमणीवर कबुतरं बसायची, धूर नाही. चाळीतल्या कितीतरी घरांना कुलपं लागली होती. कोणी पीथमपूरच्या कारखान्यात चिकटलं, कोणी गावी गेलं, आणि जे उरले ते दिवसभर ओट्यावर बसून पेपर वाचत होते. वल्लरीचे बाबा तर पेपरही वाचत नव्हते. अच्युतराव मिलच्या कापडावर चिकटवायच्या लेबलांची चित्रं काढायचे. मोर, हत्ती, कमळं! आता ते फक्त हॉलची झाडलोट करायचे, चावी खुंटीला अडकवायचे आणि गप्प बसायचे. ते शेवटचे कधी हसले होते हे वल्लरीला आठवून सांगता आलं नसतं.

"आता बघ गं, सरळ आहे का?" संताजी वरून ओरडला.

वल्लरीने वर पाहिलं. कंदील वाकडाच होता, पण तिचं लक्ष कंदिलावर राहिलंच नाही. कंदिलाच्या मागच्या भिंतीवर राष्ट्रपतींच्या चित्रांची रांग होती, आणि रांगेच्या शेवटी नवे राष्ट्रपती होते! जुलैमध्येच शपथ घेतलेले, भोपाळचे.

"नच्या! बाबांनी चित्र काढलं!" ती किंचाळली आणि शिडी सोडून पळाली.

"अगं ए, शिडी!" संताजी कंदिलासकट खाली आला. नशिबाने सतरंजीवर.

मिलची एक रीत होती. दिल्लीत नवे राष्ट्रपती शपथ घेणार त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांचं चित्र ह्या भिंतीवर चढायचं. खिळा सगळ्यांत जुन्या कामगाराने ठोकायचा आणि पेढे वाटायचे. चित्र मात्र मिलच्याच माणसाने रंगवलेलं हवं, विकतचं चालायचं नाही. पहिली तीन वल्लरीच्या आजोबांनी रंगवली होती, पुढची सगळी बाबांनी. ह्या वर्षी मिल बंद होती, म्हणून कोणी चित्र मागितलं नाही आणि बाबांनीही ब्रश उचलला नाही.

आणि आता हे चित्र! म्हणजे बाबांनी गुपचूप रंग बाहेर काढले होते! वल्लरीने बाक ओढला, त्यावर चढली आणि चौकटीला नाक लावलं.

ते चित्र नव्हतंच. छापलेला गुळगुळीत कागद होता, वर काच. तिने शेजारचं पाहिलं, तोही कागद. त्याच्या शेजारचं, तोही. आजोबांनी जीव ओतून रंगवलेले पहिले राष्ट्रपती, त्यांच्या जागीसुद्धा कॅलेंडरसारखा चकचकीत कागद!

"सगळी बदललीत," ती कशीबशी म्हणाली.

नचिकेत सामान्य ज्ञानाच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवणारा मुलगा. तो रांगेवर बोट फिरवत पुटपुटला आणि एकदम थांबला. "अरे, ह्यात हिदायतुल्ला कुठे आहेत? आणि जत्ती?"

"कोण ते, भिया?" संताजी कंबर चोळत म्हणाला.

"एकोणसत्तर साली राष्ट्रपती वारले ना, तेव्हा उपराष्ट्रपतींनी काम सांभाळलं. पण त्यांना निवडणूक लढवायची होती म्हणून त्यांनीही राजीनामा दिला. मग राष्ट्रपती कोण?"

"कोणीच नाही?"

"असं चालत नाही, येड्या! राष्ट्रपतींची जागा रिकामी ठेवता येत नाही. मग सरन्यायाधीश आले, हिदायतुल्ला. निवडणूक होईपर्यंत तेच राष्ट्रपतींचं काम बघत होते. सत्याहत्तर साली पुन्हा राष्ट्रपती वारले, तेव्हा जत्ती आले. हे दोघं हंगामी, म्हणून लोक त्यांना विसरतात."

"मिलमध्ये विसरले नव्हते," वल्लरी म्हणाली. "बाबा सांगतात, तेव्हा इथे मोठं भांडण झालं होतं. काही म्हणाले, हंगामी माणसाला भिंत कशाला? पण बदली कामगार अडून बसले, की आम्हीही हंगामीच, मग आम्ही काय मिलचे नाही? बाबा तेव्हा नवे लागले होते. हिदायतुल्लांचं ते त्यांचं पहिलं चित्र."

आणि ते चित्र आता कुठेच नव्हतं. वल्लरीने मागचापुढचा विचार केला नाही. ती हॉलच्या दारात गेली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आपले राष्ट्रपती चोरीला गेले!"

तासाभरात हॉल भरला. सगळ्यांत पुढे हॉलचे सेक्रेटरी गोपीनाथजी होते. मिलच्या स्टोअरमध्ये होते तेव्हापासून त्यांना पितळी कडीतल्या किल्ल्या बोटावर गरगर फिरवायची सवय होती. त्यांनी भिंत पाहिली, मान हलवली आणि फार मायेने म्हणाले, "अच्युत, चावी तर तुझ्याकडेच असते ना रे? घरची हालत समजते आम्हाला. पण हे ठीक नाही केलंस."

हॉलभर कुजबुज सुरू झाली. वल्लरीला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिचे कान तापले. "खोटं आहे!" ती ओरडली. "बाबा कशाला विकतील? बाबा, सांगा ना तुम्ही!"

बाबांनी खिशातून चावी काढली आणि हॉल समितीच्या अध्यक्ष सरोजिनीबाईंच्या हातावर ठेवली. सरोजिनीबाईंनी मिलच्या शाळेत अर्ध्या चाळीला शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "सणात पोलीस नकोत. दिवाळी होऊ दे, मग बघू." बाबा खाली मान घालून निघून गेले. ज्यांच्याबरोबर उभा जन्म काढला ती माणसं त्यांना वाट देताना अंग चोरून बाजूला झाली.

त्या रात्री वल्लरी उशीत तोंड खुपसून रडली. मी ओरडले नसते तर! बाबांचं नाव तेवढं शिल्लक होतं, तेही आपल्याच तोंडाने गेलं. दिवाळी झाली की त्यांना चौकीत नेणार!

"रडून काय होणार यार?" सकाळी संताजी म्हणाला. "चोर पकडू ना!"

"मी विचार केला," नचिकेत म्हणाला. "अच्युतकाकांनी चित्रं बदलली असती तर स्वतःचं पहिलं चित्र विसरले असते का? ज्याने बदलली त्याला हे दोघं ठाऊकच नव्हते. त्याने बाजारातून सेट आणला आणि आहे तसा टांगला. सेटमध्ये नवे राष्ट्रपती आले, तेही टांगले!"

"मग बाजारात जाऊ," वल्लरी डोळे पुसत म्हणाली.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत तसबिरींची दुकानं होती. लक्ष्मीपूजनाची गर्दी नुसती उसळली होती. एका दुकानात नाही, दुसऱ्यात नाही, शेवटी एका दुकानदाराने देवीच्या तसबिरीवरून मान वर केली. "राष्ट्रपति का सेट? हाँ, एक साहब ले गए थे दशहरे के पहले. बोले हॉल में लगाना है, बिल मत बनाओ."

"उसमें हिदायतुल्लाजी और जत्तीजी थे?" नचिकेतने विचारलं.

"वो कौन? सेट में जो आता है, वही आता है भिया!"

"साहब दिखते कैसे थे?" वल्लरीने पुढे होऊन विचारलं.

"शकल किसको याद रहती है! बस चाबियाँ घुमाते थे उँगली पे, पूरे टाइम. मेरा तो सर घूम गया."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. संताजीने तर तिथेच आरोळी ठोकली असती, नचिकेतने त्याच्या तोंडावर हात दाबला. "अंकल, हमारे साथ चलकर बोलोगे?"

"ना भिया! मैं नहीं पड़ता झंझट में. चलो, धंधे का टाइम है!"

सरोजिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "किल्ल्या बरेच लोक फिरवतात," त्या म्हणाल्या. "पुरावा दिसल्याशिवाय मी वर्गात कोणाला उभं केलं नव्हतं. आता कशी करू?"

"पुरावा आम्ही हॉलमध्येच आणतो, बाई," नचिकेत म्हणाला. "तुम्ही फक्त पाडव्याच्या दुपारी आमच्याबरोबर बसायचं. आणि एक शब्द द्यायचा..." त्याने पुढे होऊन कानात काहीतरी सांगितलं. बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

पाडव्याच्या सकाळी संताजी गोपीनाथजींच्या ओट्यासमोर सुतळी बॉम्बची वात लावत बसला. गोपीनाथजी चहा पीत होते.

"ए नच्या!" संताजी बेंबीच्या देठापासून ओरडला. "ऐकलंस का? राजवाड्याचा फोटोवाला उद्या येणार आहे! ज्याने सेट घेतला त्याला ओळखणार म्हणे!"

"हो ना! पण बाई म्हणाल्या, आज चित्रं परत भिंतीवर आली तर कोणाला बोलवणार नाही, पोलिसांतही जाणार नाही. मिटलं सगळं!"

गोपीनाथजींच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

दुपारी फराळ चापून सगळी चाळ घोरत पडली होती. हॉलच्या स्टेजवरच्या पडद्यामागे सरोजिनीबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि तिघं जमिनीवर. दार बाहेरून नेहमीसारखं कुलूपबंद. मागच्या खिडकीतून आत शिरताना बाईंना संताजीने हात दिला होता. आत उकडत होतं. पडद्यावर वर्षाची धूळ होती.

"मला शिंक येतेय," संताजी पुटपुटला.

"आली तर मर इथेच!" वल्लरी दात ओठ खाऊन म्हणाली. तिच्या मनात एकच धाकधूक होती. कोणी आलंच नाही तर? बाबा घरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. फराळाच्या ताटाला त्यांनी हात लावला नव्हता.

इतक्यात कुलपात किल्ली फिरली! हॉलची चावी बाईंच्या पदराला बांधलेली होती. तरी कुलूप उघडलं! दार करकरलं आणि चादरीत काहीतरी गुंडाळून गोपीनाथजी आत आले. त्यांनी शिडी ओढली, चादर सोडली. हिदायतुल्ला आणि जत्ती! वल्लरीला बाबांचे रंग लांबूनही ओळखू आले. गोपीनाथजी धापा टाकत दोन पायऱ्या चढले.

"गोपीनाथ," पडद्यामागून आवाज आला, "शिडी धरू का?"

गोपीनाथजी शिडीवरच थिजले. नेमक्या त्याच क्षणी संताजीला शिंक आली, आणि एवढी मोठी की बाहेर झोपलेली कुत्री भुंकायला लागली.

मग सगळं बाहेर पडलं. आग्रा-मुंबई रोडवर नवं हॉटेल उघडत होतं. मालकाला भिंतींवर जुन्या चीजा हव्या होत्या. "मुलीचं लग्न ठरलंय, बाई," गोपीनाथजी खालच्या पायरीवर बसून म्हणाले. "मिलकडून हिशोबाचे पैसे कधी मिळणार ठाऊक नाही. मला वाटलं, मिलच नाही तर चित्रं कोणाला हवीत. दुसरी चावी मी स्टोअरमध्ये होतो तेव्हापासून माझ्याकडे आहे. अच्युतचं नाव... ते तोंडातून निघून गेलं."

"आणि ही दोनच कशी परत आली?" नचिकेतने विचारलं.

"हॉटेलवाल्याने ही लावलीच नाहीत. म्हणाला, इन दोनों को कोई पहचानता नहीं, स्टोअर में डाल दो. म्हणून एवढीच मागून आणता आली."

गोपीनाथजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वल्लरीला त्यांचा राग आला होता, पण आता तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. बाईंनी शब्द पाळला. पोलिसांत कोणी गेलं नाही. फक्त त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर गोपीनाथजींना अच्युतरावांची माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी उरलेली चित्रं आणायला बाई स्वतः हॉटेलात गेल्या. मालक कुरकुरला, तेव्हा त्यांनी बाजारातला चकचकीत सेट त्याच्या टेबलावर ठेवला. त्याला भिंत भरण्याशी मतलब होता, त्याने तोच ठेवून घेतला.

चित्रं जागेवर लागली तेव्हा हॉल पुन्हा भरला. बाईंनी तिघांना पुढे बोलावलं. "आम्ही म्हाताऱ्यांनी एका भल्या माणसाला घाईने चोर ठरवलं," त्या म्हणाल्या. "ह्या पोरांनी डोकं चालवलं, म्हणून आमची लाज राहिली. शाबास!" टाळ्या पडल्या. संताजीच्या खिशात कोणीतरी चकल्या कोंबल्या. ज्यांनी अंग चोरलं होतं ते एकेक जण येऊन बाबांचा हात हातात घेऊन गेले.

"अच्युत, नव्या राष्ट्रपतींचं काय?" बाईंनी हळूच विचारलं. "जागा आहे अजून."

"मिल सुरू झाली की काढतो, बाई," बाबा म्हणाले. मिलच्या फाटकावर यंत्रांच्या लिलावाची नोटीस त्याच सकाळी लागली होती.

घरी जाताना वल्लरी बाबांच्या मागेमागे चालत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाबा, मला माफ करा. मी ओरडले म्हणून सगळे तुम्हाला बोलले."

बाबा थांबले. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आधीच."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"म्हटलं, बघू, कोणाच्या लक्षात येतं का. दसऱ्याची पूजा झाली, युनियनची सभा झाली. सगळे त्याच भिंतीखाली बसून गेले. एकानेही वर बघितलं नाही. मग वाटलं, जाऊ दे. नाहीतरी काय उरलंय!"

"पण चोर म्हणाले तेव्हा तरी बोलायचं ना!" वल्लरीला रडूच फुटलं.

"तेव्हा असं वाटलं," बाबा म्हणाले, "की निदान आता सगळ्यांनी वर बघितलं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळ्यांच्या आधी तू बघितलंस, बेटा. तू ओरडलीस ते फार बरं केलंस."

गल्लीत कोणाच्यातरी दारातल्या पणत्या विझत आल्या होत्या. वल्लरीने बाबांचा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.