मनगटाची दोरी

“घर पाण्यात बुडालं तरी चालेल, पण याचा हात माझ्या नळाला लागता कामा नये!”

स्वयंपाकघराच्या दारात बाबा आडवे उभे होते. त्यांच्यामागे ओट्याखालचा नळ जोडावरच फुटून पाण्याची धार भिंतीवर आदळत होती, आणि बाहेर दादा... युद्ध संपल्यापासून प्रथमच या घरी आलेला थोरला मुलगा... मान खाली घालून उभा होता.

“मीच बोलावलंय त्याला,” आई भिजल्या हातांनी बादली सरकवत म्हणाली. “तुमचे हात थरथरतात, धाकट्याला घाम फुटलाय. मग काय पाण्यालाच विनवू, बाबा रे, जरा थांब म्हणून?”

बाबा बाजूला झाले. पण तोंड फिरवूनच.

बाबा म्हणजे गोदीतले नावाजलेले फिटर! मुलांच्या हाती हत्यार देण्यापूर्वी त्यांनी एकच रीत शिकवली होती : दोरीचे एक टोक पान्याला, दुसरे मनगटाला, आणि मगच यंत्राला हात, म्हणजे हत्यार निसटले तरी खाली पडणार नाही. दोघे भाऊ एकाच पाणबुडीवर निघाले, तेव्हा धक्क्यावर ते दादाला एवढेच म्हणाले होते, “धाकट्याला सांभाळ.”

आणि मग तो दिवस उजाडला... कप्तानाने पेरिस्कोपमधून शत्रूचे मालवाहू जहाज हेरले. पाणतीर सुटले. काही क्षणांनी पोलादी भिंतीतून आवाज आला, जहाजाची पाठ मोडल्याचा, दीर्घ, कण्हल्यासारखा! यंत्रकक्षात कोणीही जल्लोष केला नाही. त्या जहाजावरही कोणाचे तरी धाकटे भाऊ असतीलच ना!

मग त्या जहाजाच्या राखणीला असलेली विनाशिका, शत्रूची युद्धनौका, सूड घ्यायला वळली. पाणबुडी खोल गेली. यंत्रे थांबली, पंखे थांबले, माणसांनी बूटसुद्धा काढून ठेवले. वर शत्रू कान लावून बसला होता. जाडजूड आचारी कुजबुजला, “माझा स्वयंपाक पचवलात, मग बॉम्बला काय घाबरता?” श्वासाच्या आवाजात सगळे हसले. विनाशिकेच्या पाणी कापणाऱ्या पंख्यांची घरघर हळूहळू दूर जाऊ लागली... सुटलो, असे वाटले... आणि तेवढ्यात एक व्हॉल्व्ह पाझरू लागला. धाकटा तो आवळायला वाकला. नळ्यांच्या दाटीत दोरी अडकत होती, म्हणून त्याने ती सोडून फेकली. आणि ओला पाना हातातून निसटला.

ठण्ण!

दूर गेलेली घरघर थबकली. परत फिरली. मग एकामागून एक बॉम्ब खोल उतरून फुटू लागले, दिवे विझले, आणि अंधारात आचारी लोखंडी चौकटीवर फेकला गेला, तो पुन्हा उठलाच नाही.

“कोणाचा पाना?” विजेरी घेऊन येणाऱ्या कप्तानाचा आवाज जवळ येत होता. दादाने अंधारातच स्वतःच्या मनगटाची दोरी सोडली, धाकट्याच्या मनगटात अडकवली, आणि उजेडात आपला मोकळा हात पुढे केला.

“माझा, साहेब.”

नोकरी गेली, त्याचे दुःख नव्हते. पण “त्या आचाऱ्याच्या बायकोला मी कसं तोंड दाखवू?” असे म्हणत बाबांनी दार लावून घेतले, तो आवाज मात्र दादाच्या छातीत रोज नव्याने घुमत होता...

आता ओट्याखाली गुडघे टेकून दादाने खिशातून दोरी काढली आणि पाना मनगटाला बांधला. बाबांना राहवले नाही.

“आज बांधतोयस! त्या दिवशी कुठे होती ही दोरी?”

दादाने पाना खालच्या नटावर बसवला. “धाकट्या, वरचा नट धरून ठेव.”

धाकट्याने दुसरा पाना उचलला. बोटे ओली होती, डोळ्यांत भीती होती. जोर लागताच पाना निसटून फरशीवर आदळला...

ठण्ण!

धाकटा डोके हातांत गच्च धरून ओट्याखाली शिरला. “परत फिरले! दादा, ते परत फिरले! तू बोलू नकोस, मीच टाकला... माझ्यामुळे गेला आचारी, माझ्यामुळे!”

बाबांनी धाकट्याकडे पाहिले, मग दादाच्या मनगटावरच्या दोरीकडे. पुन्हा तोच प्रश्न आला, पण स्वर पार तुटला होता.

“त्या दिवशी... कुठे होती ही दोरी?”

“त्याच्या मनगटात, बाबा.”

बाबा भिंतीला टेकत पाण्यातच खाली बसले. “आणि मी तुला... अरे, एका शब्दानं तरी सांगायचंस!”

“धाकट्याला सांभाळ, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

आईने तोंड झाकून घेतले. धाकटा हुंदके देत म्हणाला, “आचाऱ्याच्या घरी मी जाईन, बाबा. उद्याच. सगळं सांगेन.”

“एकटा नाही,” बाबा म्हणाले. “आपण तिघं जाऊ.”

त्यांनी हात दादाच्या गालावर ठेवला; मग खुंटीवरची आपली जुनी दोरी मागून घेतली आणि पडलेला पाना उचलून दादाकडे वळले.

“आधी धाकट्याच्या मनगटाला बांधा, बाबा,” दादा हळूच म्हणाला. “नट अजून आवळायचाय.”

बाबांना गाठ साधेना. दादाने त्यांच्या बोटांवर आपली बोटे ठेवली. दोघांनी मिळून ती घट्ट ओढली.