कारणाची ओळ

गुरुवारी सकाळी चिंचटाकळीच्या सामाईक विहिरीत आश्रुबा तरंगताना सापडला. शुक्रवारी पोलीस पाटलाचा कागद केजच्या तहसिलीत पोचला आणि राधाकिशन मुन्शींचा टाक तिथंच अडला.

राधाकिशन कागदांच्या इंग्रजी तर्जुम्याचं काम करत. हैदराबादेत गोरा साहेब बसला होता. अपघाती मरणाचा प्रत्येक कागद त्याला इंग्रजीत लागे, तोही छापील नमुन्यावर. शेवटची ओळ ठरलेली. ‘द कॉज ऑफ डेथ इज’, आणि पुढे ठिपके. त्या ‘इज’पुढे एक शब्द टाकला की माणसाची फाईल बंद. सर्पदंश, पटकी, बुडणे. राधाकिशन हे काम इतकं सफाईनं करत की साहेबानं एकदा शाबासकीही धाडली होती. ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती, हेही सांगायला हवं.

या खेपेला पाटलानं कारण लिहिलं होतं: ‘साती आसरांनी नेला.’

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. भर दुपारी विहिरीवर एकटा माणूस दिसला की ओढून नेतात, असं म्हणतात. साहेबाच्या नमुन्यात त्या बसणार कशा? पोलिसांचे अमीन हबीब खान हसले. बुडून मेला लिहा आणि जेवायला जा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

राधाकिशननी टाक बुडवलासुद्धा. मग कागदाची शेवटची ओळ वाचली. मयताची बायको अंजना हिच्या विटाळाच्या शिवताशिवतीनं आसरा कोपल्या, सबब पंचांनी तिला लेकीसह रविवारी गाव सोडण्यास फर्मावलं आहे.

आणखी एक गोष्ट मनात खुपत होती. तीन वर्षांपूर्वी याच विहिरीत याच घरचा धर्मराज, आश्रुबाचा थोरला भाऊ, बुडाला होता. तोही नमुना राधाकिशननीच भरला होता. मेलेल्याबद्दल त्यांना काही आठवेना, फक्त आपली ओळ आठवत होती.

शनिवारी ते भाड्याच्या तट्टूवर चिंचटाकळीला निघाले.

विहिरीपाशी पोचले तेव्हा चैत्रातलं ऊन ऐन माथ्यावर होतं. मोट सुटलेली. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. काठावर एक म्हातारी पाण्याकडे कान लावून बसली होती. ती ताराबाई, धर्मराजाची आणि आश्रुबाची आई.

“आई, उन्हात का बसलात?”

“हाक येती,” ती म्हणाली. “आदी एकाची यायची. आता दोगांची येती.”

राधाकिशनच्या अंगावर काटा आला. इंग्रजी शिकल्यानं भीती जाते हा लोकांचा गैरसमज आहे. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं नाही. काठावरचे आसरांचे सात शेंदरी दगड तेवढे पाहिले.

दगडांपुढे ओटी मांडलेली होती. हिरव्या बांगड्या, नारळ, सात पानांवर वाळलेलं पुरण, त्याला मुंग्या लागलेल्या. कुंकवाचे ओघळ दगडांवरून खाली मातीत उतरले होते आणि पानांवर चिखलाचे शिंतोडे सुकले होते.

चिखल? या उन्हात?

अंजना घराच्या ओट्यावर बोचकं बांधत होती. लहानगी लेक तिच्या पदराला धरून उभी. राधाकिशननी लांबूनच विचारपूस सुरू केली.

“आश्रुबा घरून कधी गेला?”

“मंगळवारी दुपारी. भाकर खाल्ली आन् परळीला जातो म्हनले, बैल बघाया. दोन दिस लागतील म्हनले. म्हून कुनी हुडकलं न्हाई.”

“वाट विहिरीवरूनच जाते?”

“व्हय.”

“त्यानंतर पाऊस झाला?”

“बुदवारी पहाटं एक सर आलती. पुन्ना न्हाई.”

“विहिरीवरची ओटी तुम्ही भरली?”

अंजनानं मान हलवली. “आमाला सुतक हाय मुन्शीजी. धा दिस देवाला शिवता येत न्हाई. समद्या भावकीलाच येत न्हाई.”

“भावकीत कोण कोण?”

“आमचं घर, आन् पाटलांचं. तेवडंच.”

पोलीस पाटील सुंदरराव आश्रुबाचे चुलत भाऊ. विहीर दोघांची, पाणी एक दिवसाआड पाळीनं. पाटलांनी औंदा ऊस लावला होता आणि उसाला एका पाळीनं भागत नव्हतं. यावरून शिमग्यात दोघांची जुंपली होती, हे गावात कुणीही सांगितलं असतं. सांगितलंही.

तिथून राधाकिशन पाटलांच्या घरी गेले. पाटील रानात होते. पाटलीणबाई वच्छलाबाईंनी पाणी आणून दिलं. बाई भोळ्या, देवभक्त. आसरांचा विषय काढताच त्यांना आपल्या घराची बाजू मांडावीशी वाटली.

“आमच्या घरानं त्येंचं करन्यात कदी चुकी केली न्हाई. मंगळवारी सांजच्यालाच पुरन घातलं म्या.”

“मंगळवारी सण होता का?”

“सन कशाचा? मालक रानातून आले ते घामाघूम. म्हनले, आसरा रागावल्यात, आत्ताच्या आत्ता पुरन घाल, मी सोता नेतो.”

“बाई, आधी कधी असं अवचित पुरण घातलं होतं?”

“घातलं हुतं की. तीन वर्सामागं. दुसऱ्याच दिशी धर्मराज भावजी...”

हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

राधाकिशन ती रात्र झोपले नाहीत, एवढंच लिहितो.

रविवारी सकाळी राधाकिशनची चिठ्ठी मिळून अमीनसाहेब दोन जवानांसह आले. चावडीपुढे गाव जमलं होतं. अंजना बोचकं घेऊन उभी होती. ताराबाई भिंतीला टेकून बसली होती. पाटील पंचांच्या मधोमध बसले होते.

राधाकिशन म्हणाले, “पाटील, विहिरीवर ओटी कुणी भरली?”

“भरली असंल गावानं. आश्रुबा सापडल्यावर.”

“गुरुवारी?”

“व्हय.”

“मग तिच्यावर बुधवारचा पाऊस कसा पडला?”

राधाकिशन गावाकडे वळले. आवाज बारीक होता, पण चावडीत दुसरा आवाजच नव्हता.

“कुंकू पावसात ओघळलंय. पानांवर चिखल उडालाय. म्हणजे ओटी बुधवारच्या पहाटेआधीची. तेव्हा आश्रुबा परळीला गेलाय असं सगळं गाव समजत होतं. बायकोसुद्धा. मग आसरांची समजूत घालायची घाई कुणाला झाली? त्यांच्या नावावर मरण खपवायचं आहे, हे ज्याला ठाऊक होतं त्याला. मंगळवारी दुपारी आश्रुबा विहिरीवरून चालला होता. पाण्याच्या पाळीवरून पुन्हा बाचाबाची झाली आणि त्याला आत लोटलं. लोटणारा आसरांना मानणारा आहे. खोटा आळ घेतला तर त्या आपल्याला सोडणार नाहीत, ही धास्ती त्याला होती. सुतक लागलं की पूजा करता येणार नाही, हेही तो जाणून होता. म्हणून मढं सापडायच्या आधीच त्यानं माफी मागून घेतली. बाहेरचा माणूस असता तर थांबला असता, त्याला सुतक कसलं? थांबता येत नव्हतं ते फक्त भावकीला. आणि त्या सांजेला पुरण शिजलं एकाच घरात.”

“कुनी सांगितलं?” पाटील ओरडले.

दारातून वच्छलाबाई म्हणाल्या, “म्या.”

पाटील उठून उभे राहिले. बायकांच्या बोलण्यावर सरकार चालतं का, असं काहीसं ते अमीनसाहेबांना म्हणाले. राधाकिशननी त्यांना मधेच थांबवलं.

“सरकारचं राहू द्या. विहिरीवर चला. सातही दगडांवर हात ठेवून एवढंच म्हणा, की आसरांनो, आश्रुबाला तुम्ही नेलंत. मी तसंच लिहितो आणि जातो.”

विहीर चावडीवरून दिसत होती. सुंदरराव दोन पावलं चालले. तिसरं पाऊल उचललं नाही. माणूस मातीतच बसला.

“तेला लोटलं म्या,” ते म्हणाले. “पर तितं नेऊ नगा.”

“आणि धर्मराजाला?”

पाटलांनी विहिरीकडे पाठ फिरवली. तेवढं पुरेसं होतं. अमीनसाहेबांनी जवानांना खूण केली.

अंजनानं बोचकं सोडलं. लेकीच्या हातात त्यातली भाकर दिली आणि घरी चुलीकडे गेली. ती रडलीही नाही. आश्रुबाची पाण्याची पाळी आता तिची होती आणि सोमवारी मोट धरायची होती.

चावडीतच राधाकिशननी नमुना काढला. ‘इज’पुढे पहिल्यांदाच त्यांना एक शब्द पुरला नाही. ठिपके संपले, समास संपला, कागद उलटून ते मागच्या बाजूला लिहीत राहिले.

ताराबाई भिंतीचा आधार घेत जवळ आली.

“माज्या धर्मराजाचा कागुद कुनी लिवला हुता रं?”

अमीनसाहेब तोंड उघडणार होते, बहुधा काहीतरी सावरून सांगायला. राधाकिशन आधी बोलले.

“मी लिहिला, आई. एका शब्दात. कुणालाच काही न विचारता.”

त्यांनी नजर खाली घातली. शाबासकीची चिठ्ठी त्यांना आठवली आणि आपलीच शिसारी आली.

“मंग आता इचार,” म्हातारी म्हणाली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

राधाकिशननी कोरा नमुना पुढे ओढला. वर धर्मराजाचं नाव लिहिलं. ऊन विहिरीच्या माथ्यावर आलं होतं, पण आज म्हातारीचा कान तिकडे नव्हता.