न वाळलेली वेष्टी

वीज गेली की या घराला वेंकोबा आठवतो. एरवी म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नसते. सून हरिप्रिया मेणबत्ती ठेवत म्हणाली, "मामंजी, ते मोटारीचं सांगा ना."

"थू! माझी लाज काढायला बरा मुहूर्त काढलास," वेंकोबा खेकसला. आणि नाइलाजाने सांगायला लागला.

काम साधंच होतं. पेरुंगुडीच्या बालाजीरावांकडे त्यांच्या वारलेल्या वडिलांची, वसंतरावांची, जुनी मॉरिस होती. लेकीला, सुष्मिताला, लग्नाच्या मांडवात त्याच गाडीतून न्यायचं, म्हणून दारांना नव्या काचा बसवायच्या होत्या.

"जुन्या वर राहतच नाहीत," बालाजीराव म्हणाले. "चढवल्या की आपोआप खाली येतात."

"हँडल झिजलं असेल."

वेंकोबाने दार उघडं करून पाहिलं. हँडल झिजलेलं नव्हतं. जन्म त्याचा काचा बसवण्यात गेला होता. वेंकोबाने बसवलेल्या काचेतून पाण्याचा थेंब आत येत नाही, हे सगळ्या जॉर्ज टाउनला ठाऊक. त्या नावावर तर म्हातारा ताठ चालायचा.

रबराला साबणाचं पाणी लावून काचा बसल्या. मग त्याची नेहमीची परीक्षा. आपण मागच्या सीटवर बसायचं, सगळ्या काचा चढवायच्या आणि बाहेरून पाइपने पाणी सोडायला लावायचं. मे महिन्याचं, कत्तिरीच्या कडक दिवसांचं ऊन डांबर वितळवत होतं. खाली पार्किंगमध्ये लग्नाचे पाहुणे गंमत बघायला जमले होते. पाइप बालाजीरावांनीच धरला.

काचा चढल्या तशी बाहेरची बडबड पुसली गेली. टपावर नुसती पाण्याची सळसळ. कडेकडेने बोट फिरवलं, सगळं कोरडं. वेंकोबा मनात खूश झाला.

तेवढ्यात नीलगिरी तेलाचा वास आला. आजाऱ्याच्या छातीला चोळतात, त्याचा. पलीकडच्या दाराची काच आतून धुरकटली. निवळली. पुन्हा धुरकटली... कुणी तोंड टेकवून श्वास घेत असावं तशी.

"काच... खाली... कर रे..."

वेंकोबाने मान वळवली नाही. मांडीला काहीतरी ओलं लागलं. कोमट. शेजारून, सीटवरून, हळूहळू त्याच्याकडे पसरत आलेलं. दार ढकलून तो बाहेर कोसळला.

नेसूची पांढरी वेष्टी पुढून भिजलेली. सगळ्यांनी पाहिली.

"काय हो वेंकोबा," बालाजीराव हसत ओरडले, "काच गळली की तुम्ही?"

पार्किंगभर हशा पिकला. सुष्मिताने तोंड फिरवलं. वेंकोबा दोन्ही हातांनी वेष्टी झाकत उभा राहिला. काच गळली म्हणावं, तर जन्माचं नाव बुडतं. नाही म्हणावं, तर...

"माझी काच गळत नाही," तो म्हणाला.

आणखी मोठा हशा. तेवढ्यात बालाजीरावांची आई, धनलक्ष्मी अम्मा, काठी टेकत जवळ आली. तिला नीलगिरीचा वास आला. ती जागच्या जागी थांबली.

"बालाजी, हसू नको. इस्पितळात नेताना तुझ्या अप्पांचंही असंच झालं होतं. शेजारी बघतील म्हणून तू सगळ्या काचा चढवल्यास. ते किती वेळा म्हणाले, काच खाली कर रे... वाटेतच गेले."

"अम्मा, पुरे."

पाइपचं पाणी बालाजीरावांच्या चपलांवर पडत होतं. त्यांना ते कळतही नव्हतं. वेंकोबाने गाडीत वाकून पाहिलं. सीट कोरडी ठाक. आणि सगळ्या काचा खाली. हँडलला कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवरी उघड्या काचांनीच मांडवात गेली.

"आणि ती वेष्टी?" हरिप्रियाने हळूच विचारलं.

वेंकोबाने अंधारात, गॅलरीतल्या दोरीकडे बोट केलं. "तेव्हापासून तिथेच आहे. एवढी उन्हं खाल्ली तिने. जा, हात लावून बघ."

ती गेली. लगेच परत आली, पदराला हात पुसत. खोलीत नीलगिरीचा वास आला.

"दोन म्हाताऱ्यांची माफी मागायची राहिली आहे," वेंकोबा म्हणाला. "एक मी, एक गाडीतला तो. मागणारा एकच... बालाजीराव."